मासा तिथं गेला कसा?

सकाळी फोन उघडला तर पहिलाच फोटो एका कार्पेट ॲनिमोनीचा. ॲनिमोनी म्हणजे समुद्रातला, फुलासारखा दिसणारा पण शिकार करणारा प्राणी. एरवी वाळूवर सपाट पसरलेली ती चकती कडांनी आत वळलेली, आणि मधोमध, तोंडाच्या जागी, एका माशाची लालसर शेपटी. शेपटीचा रंग अजून फिका पडला नव्हता. खाली दोन ओळी होत्या : "ताई, हिनं रात्रीतून फायरफिश गिळला. मारकुटीच निघाली. कुणाला देऊन टाकू का?" पाठवणारा मुलगा नवखा नाही. त्याच्या टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या, वहीत सगळं जिथल्या तिथं लिहिलेलं असतं : क्षारता ३५, तापमान २५ ते २६ अंश, अमोनिया शून्य, नायट्रेट अगदी थोडं. दिवे चांगले, पाण्यातली घाण काढणारा स्किमर चांगला, प्रवाळ रंगानं भरलेले. एवढं करूनही हे झालं म्हणून तो दुखावला होता, आणि त्या दुखावण्यात रागही होता.

मी लगेच उत्तर दिलं नाही. मासा गेला याचं वाईट वाटलंच. फायरफिश फार देखणा, पाठीवरचा लांब पर सारखा उभा-आडवा करत बिळाच्या तोंडाशी तरंगत राहणारा. पण दिवसभर मला टोचत राहिलं ते दुसरंच. त्या दोन ओळींत ॲनिमोनीच्या स्वभावाचा निवाडा होऊन गेला होता, माशाबद्दल मात्र काहीच नव्हतं. ॲनिमोनी एका जागी बसलेली. मासा चपळ, डोळे शाबूत, टँकचा कोपरान्‌कोपरा पाठ असलेला. मग रात्री तो तिच्यापर्यंत पोचला कसा?

त्याला हे विचारायच्या आधी मीच त्यात गुरफटले.

माझ्याकडे बबल टिप आहे, ॲनिमोनीचीच दुसरी एक जात. तिला खाऊ घालणं हा माझ्या आठवड्यातला आवडता वेळ. कोळंबीचा नखाएवढा तुकडा लांब चिमट्यात धरायचा आणि कडेच्या शुंडकांना, म्हणजे तिच्या बोटांसारख्या अवयवांना, नुसता टेकवायचा. टेकवल्याक्षणी चिमट्याला एक बारीकशी ओढ लागते, इतकी बारीक की लक्ष नसेल तर कळायचीही नाही. दोन-चार शुंडकं तुकड्याला चिकटतात, शेजारची त्यांच्याकडे कलतात, मग चकतीचा तेवढाच भाग दबतो आणि तुकडा कडेकडून मध्याकडे सरकू लागतो. मधली चीर रुंदावते, आतला पांढुरका, चुण्या पडलेला भाग दिसतो, आणि तुकडा नाहीसा होतो. गंमत म्हणजे पलीकडच्या अंगाच्या शुंडकांना या सगळ्याचा पत्ताच नसतो. ती आपली प्रवाहात डुलत असतात. पुढे केव्हातरी त्याच चिरेतून तपकिरी चोथा बाहेर पडतो, कारण हिला दार एकच आहे, येण्याचं तेच आणि जाण्याचंही तेच. तुकडा मोठा झाला तर तो अर्धवट पचलेला परत येतो, आणि तो वेळेवर उचलला नाही तर टँकचं झाकण उघडताना नाक धरावं लागतं.

कार्पेटचा हिशेब वेगळा. ओळखीच्या एकांचा टँक हलवायचा होता तेव्हा मदतीला गेले होते, दगड उचलताना त्यांच्या कार्पेटची कड बोटाला लागली. आघाड्याची कुसळं कपड्याला धरतात तसं तिनं बोट धरलं. हात मागे घेतला तर तिचीच आखूड शुंडकं तुटून बोटावर राहिली. बोटाची कातडी जाड, तिथं फारसं काही झालं नाही, पण मनगटाच्या आतल्या बाजूला जिथं ती घासली तिथं लाल चट्टा उठला आणि बराच वेळ खाजत राहिला. काहींना याची जोरदार ॲलर्जी होते. तेव्हा हातमोजे घालावेत, आणि तो हात चुकूनही डोळ्याला लावू नये. मला आठवतं ते मात्र खाजेपेक्षा ते धरणं. एवढ्या मऊ, पाण्याच्याच बनल्यासारख्या दिसणाऱ्या जिवाची पकड इतकी घट्ट असेल असं पाहून वाटत नाही.

ती पकड म्हणजे एकाच वेळी सुटलेल्या असंख्य दंशपेशी. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी, आणि कोंडलेला दाब. हायड्रा हा ॲनिमोनीचा गोड्या पाण्यातला दूरचा नातलग. त्याच्या कुपीतला दाब १५० बारच्या आसपास असतो. २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यानं हायड्राची दंशपेशी सुटताना टिपली गेली, तेव्हा त्यातला सगळ्यात वेगाचा टप्पा ७०० नॅनोसेकंदांत उरकतो असं दिसलं, आणि नळीच्या टोकाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त निघालं. हे आकडे वाचल्यापासून 'मासा चपळ आहे, निसटेल' ही आशा मी सोडून दिली. स्पर्श झाल्यावर चपळाईला करण्यासारखं काही उरत नाही. मोठा मासा हिसडा देऊन निघतो, नाही असं नाही. पण अंगावर पांढरे ओरखडे घेऊन निघतो, आणि कधी कधी ते ओरखडेच पुढे चिघळून त्याला नेतात.

कुपी सुटायची की नाही, हे स्पर्श आणि रसायन मिळून ठरवतात. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातली काही द्रव्यं जाणवली की दंशपेशी हलक्या धक्क्यालाही सुटायला तयार होतात. दगड घासला, पंपाची नळी लागली, तर तेवढी धांदल उडत नाही. या सगळ्या व्यवहारात मेंदू कुठंच नाही, कारण ॲनिमोनीला मेंदूच नाही. चेतापेशींचं एक जाळं अंगभर पसरलेलं आहे, तेवढ्यावर तिचं चालतं. तुटून पडलेल्या शुंडकावरच्या दंशपेशीसुद्धा सुटू शकतात. माझ्या बोटावर राहिलेली ती शुंडकं कुणाच्या हुकमानं चिकटून बसली होती? तेव्हा मारकुटी म्हणायचं तर मारण्याचं आधी मनात यावं लागतं, आणि इथं मनाचीच जागा रिकामी.

यावरून एक वाद मी नेहमी घालते. ॲनिमोनीला पोटभर खाऊ घाला, मग ती माशांच्या वाटेला जात नाही, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. भरल्या पोटाची ॲनिमोनी अंगावर येऊन पडलेला मासा सोडून देईल, यावर मी माझा मासा पणाला लावणार नाही. तिला खाऊ घालायचं ते तिच्यासाठी, आठवड्यातून एकदा-दोनदा, लहान तुकड्यांनी. तिचं बरंचसं पोट तर उजेडावरच भरतं, अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं तिला अन्न पुरवतात. ती शैवालं गेली की ॲनिमोनी पांढरीफटक पडते, आणि नवख्या माणसाला तीच सगळ्यात सुंदर वाटते. खरं तर ती उपाशी असते. कृत्रिम रंगात बुडवून पिवळ्याधमक केलेल्या ॲनिमोनीही विकल्या जातात. त्याबद्दल बोलायला लागले तर हा लेख भलतीकडे जाईल.

आता कुणी म्हणेल, मग ॲनिमोनीतच राहणाऱ्या त्या क्लाउनफिश माशाचं काय? तो तर तिच्यात लोळतो.

लोळतो खरा, आणि त्याच्या लोळण्यानंच बाकीच्यांचा घात होतो. माशांच्या त्या जोडीकडे बघून माणसाला वाटतं की ॲनिमोनी हे एक घर आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक कथबर्ट कॉलिंगवूड यानं चिनी समुद्रात भल्यामोठ्या ॲनिमोनी आणि त्यांच्यात राहणारे मासे पाहिले आणि १८६८ मध्ये त्यावर टिपण लिहिलं, तेव्हा त्यालाही हे मासे जवळजवळ परजीवी वाटले होते. आज क्लाउनफिशच्या ३०च्या आसपास जाती मानतात, आणि त्यांना थारा देणाऱ्या ॲनिमोनींच्या जाती साधारण १०. समुद्रात ॲनिमोनींच्या हजारावर जाती आहेत, त्यांपैकी १०. क्लाउनफिशच्या अंगावरच्या थरात सायलिक ॲसिड नावाचं द्रव्य इतर माशांपेक्षा खूप कमी असल्याचं आढळलं आहे, आणि दंशपेशींना चेतवणाऱ्या द्रव्यांपैकी ते एक. पण नुसत्या त्या भांडवलावर तो थेट आत शिरत नाही. नवी ॲनिमोनी दिसली की आधी शेपटी टेकवतो आणि चटका बसल्यासारखा मागे येतो. मग पोटाचे पर. मग कूस, अगदी निसटती. पुन्हा शेपटी. कधी काही मिनिटांत ओळख पटते, कधी तासन्‌तास हे चालतं. टँकमध्येच जन्मलेल्या कित्येक क्लाउनना तर ॲनिमोनी कशाशी खातात हेही ठाऊक नसतं. माझी जोडी ॲनिमोनी शेजारी असताना कितीतरी दिवस हिटरच्या मागे झोपायची, आणि मी काचेला नाक लावून त्यांची समजूत काढायचे. आणि क्लाउन असला तरी त्याला प्रत्येक ॲनिमोनी धार्जिणी असते असंही नाही. कॅरिबियन समुद्रातली कॉन्डिलॅक्टिस आणि हिंद-प्रशांत महासागरातला क्लाउन यांची निसर्गात गाठच पडत नाही. टँकमध्ये आपण ती घालून देतो. कधी जमतं, कधी क्लाउन पोळून निघतो.

जमलं की मात्र दोघांचं बस्तान असं बसतं की बघत राहावं. माझ्या जोडीतली मादी (यांच्यात सगळे आधी नर असतात, जोडीतला वरचढ मासा मादी होतो) माझ्या हातातला तुकडा हिसकावून घेते आणि स्वतः न खाता ॲनिमोनीवर नेऊन टाकते. रात्री ती दोघं शुंडकांत अंग घासत, पर हलवत राहतात, नीट झोपतच नाहीत असं मला वाटायचं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाल समुद्रातला क्लाउन आणि बबल टिप यांच्यावर मोजमाप झालं आणि दिसलं की रात्री, प्रकाशसंश्लेषण बंद असताना, माशाच्या या हालचालीनं ॲनिमोनीभोवतीचं पाणी खेळतं राहतं आणि तिला ऑक्सिजन जास्त मिळतो. क्लाउन तिची राखणही करतो. ॲनिमोनीचे लचके तोडणारे मासे असतात, काही फुलपाखरू मासे त्यात अट्टल. क्लाउन त्यांना हुसकावतो. म्हणजे शिकारी जनावर ठेवलंय म्हणून माशांची काळजी करावी, तर टँकमध्ये तिलाच खाणारा एखादा निघतो. फुलपाखरू मासा आणि ॲनिमोनी एकत्र ठेवू पाहणाऱ्यांनी हा उलटा हिशेबही मांडून बघावा.

ॲनिमोनी म्हटलं की सगळ्या सारख्या, असं समजून सल्ले दिले जातात, तिथं माझा जीव वर-खाली होतो. बबल टिपची नांगी त्यातल्या त्यात सौम्य. सावध माशांबरोबर ती वर्षानुवर्षं नांदते, पण तीही काही शाकाहारी नव्हे. मॅग्निफिका उंच दगडावर चढून बसते, तिला तळपता उजेड आणि दणकट प्रवाह लागतो, आणि ते मिळालं नाही की ती टँकभर भटकायला निघते. वाळूतली कार्पेट, म्हणजे हॅडोनी, ही मासे खाण्यात सगळ्यांत पटाईत. शुंडकं आखूड, दाट, आणि पकड मी सांगितली तशी. पूर्ण वाढली की अर्ध्या मीटरहून मोठी होते. लहान गोबी, ब्लेनी, फायरफिश असतील तर त्या टँकमध्ये कार्पेट ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांना ते जमलंय त्यांचं जमणं मी नशिबात मोजते. ट्यूब ॲनिमोनी ही तर खऱ्या ॲनिमोनींच्या गटातलीसुद्धा नाही. स्वतः विणलेल्या नळीत राहते, अंधार पडला की लांबलचक शुंडकं फेकते, आणि तिच्यात क्लाउन राहत नाही. आणि हत्तीकान मशरूम, म्हणजे नावाला मशरूम, पण खरं तर ॲनिमोनीचाच एक नातलग प्राणी. त्याला कुणी ॲनिमोनी म्हणत नाही, पण त्याच्या रुंद चकतीवर लहान मासा विसावला की चकतीच्या कडा हळूहळू वर येतात, वरचं तोंड आवळत जातं, आणि मासा आतल्या आत राहतो. सगळं इतक्या संथपणे होतं की माशाला काही बिघडतंय हे उशिरा कळतं. मला ते कार्पेटपेक्षाही भीतिदायक वाटतं.

तर मूळ प्रश्न. दुपारी त्या मुलाला फोन केला. म्हटलं, "अरे, देऊन टाकायचं नंतर बघू. आधी सांग, फायरफिशचं बीळ कुठं होतं?" तो म्हणाला, पुढच्या दगडाच्या पायथ्याशी, कायम तिथंच. "आणि कार्पेट?" जरा थांबून म्हणाला, पूर्वी लांब होती, आता पसरत पसरत त्याच दगडाला टेकलीय. मग मी विचारलं, रात्री काही झालं का? काही नाही, म्हणाला. मग आठवून सांगितलं की आजोबा पाणी प्यायला उठले होते आणि त्यांनी हॉलचा मोठा दिवा लावला होता.

आता चित्र जुळवणं अवघड नव्हतं. घाबरलेला फायरफिश दोन गोष्टी करतो. एक तर वर उसळतो, म्हणून त्याच्या टँकला जाळी लागते, नाहीतर बिळाकडे बाणासारखा सुटतो. दिवसा तो बिळात शिरताना कार्पेटची कड चुकवायचा, कारण ती दिसायची. मिट्ट काळोखात एकदम लख्ख उजेड पडल्यावर ते जमलं नसेल. पाहिलं कुणी नाही, पण माझी खात्री आहे. घर तेच, रस्ता तोच, फक्त उंबऱ्यावर कार्पेट आलेली.

तेव्हापासून कुणी ॲनिमोनीनं मासा खाल्ल्याचं सांगितलं की मी ॲनिमोनीबद्दल कमी आणि माशाच्या रात्रीबद्दल जास्त विचारते. कोण कुठं झोपतं? 'रास' (wrasse) नावाचे काही मासे वाळूत गाडून घेतात. टँग मासा कपारीत अंग आडवं घालतो, त्याचा रंगही रात्री उतरतो. पण नवा आलेला मासा, ज्याच्या वाटची कपार आधीच कुणीतरी बळकावली आहे, तो कुठं जाणार? तो उघड्यावर तरंगत राहतो, आणि उघड्यावरची सगळ्यात मोकळी जागा बहुधा ॲनिमोनीभोवतीच असते, कारण बाकीचे तिथून लांब राहतात. दादागिरी करणारा डॅम्सेल किंवा टँग एखाद्याला कोपऱ्यात रेटतो तेव्हाही हेच. नव्या माशाला जाळीदार पेटीत घालून आधी टँकमध्येच काही दिवस ठेवावं, म्हणजे जुन्यांची मारामारीची खुमखुमी जिरते आणि नव्याला नकाशा पाठ होतो. दिवे झटक्यात घालवू-लावू नयेत, सावकाश मंद होत जाऊ द्यावेत, आणि रात्री अगदी पुसट निळा उजेड असला तर बिचकणं कमी होतं. हे सगळं मासे पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. ॲनिमोनी आली की त्यातल्या प्रत्येक ढिलाईची किंमत वाढते, एवढंच.

आजारी माशाचं आणखी वेगळं. ज्याला धड पोहता येत नाही, जो प्रवाहाबरोबर वाहत चाललाय, तो ॲनिमोनीवर जाऊन पडणारच. सकाळी आपल्याला दिसतो तो तिच्या तोंडातला मासा, आणि पंचनामा तिथंच संपतो. त्याआधी त्याच्या अंगावर ठिपके होते का, श्वास जोरात चालला होता का, दोन दिवस तो खात नव्हता का, हे कुणी विचारत नाही. मेलेला मासा खाल्ला की जिवंत, हे तिच्या तोंडाकडे बघून ओळखता येत नाही. आणि त्याच टँकमध्ये औषध टाकायला जाल तर पंचाईत, कारण माशांच्या ठिपक्यांवर चालणारं तांबं ॲनिमोनीला मारून टाकतं. म्हणून वेगळा, साधा, रिकामा टँक तयार ठेवावा लागतो, आणि मासा त्यात लवकर हलवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. त्यावर कुणी फोटो पाठवत नाही.

समुद्रघोडे, पाइपफिश आणि मँडरिन यांच्याबद्दल मात्र मी वाद घालत नाही, सरळ नको म्हणते. समुद्रघोड्याला शेपटी अडकवायला काहीतरी लागतं, आणि ॲनिमोनीचं शुंडक त्याला उभ्या गवतापेक्षा वेगळं दिसत नाही. मँडरिन दिवसभर तळाशी टुकूटुकू टिपत हिंडतो, त्याच्या चालीत पळणं हा प्रकारच नाही. त्यांना चपळ माशांचे नियम लावून उपयोग नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे हिला ठेवू?" मला उत्तर द्यायला जड गेलं. तिची काही चूक नाही हे मीच त्याला पटवून दिलं होतं, पण त्यामुळे ती त्या टँकमध्ये योग्य ठरत नव्हती. शेवटी त्यानं लहान मासे दुसऱ्या टँकमध्ये हलवले. कार्पेट, क्लाउनची जोडी आणि दोन मोठे टँग एवढंच तिथं ठेवलं. कार्पेटच्या आजूबाजूची वाळू मोकळी केली. मला विचाराल तर इतकं रिकामं करून एका ॲनिमोनीसाठी टँक राखणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि परवडत नसेल तर कार्पेट आणूच नये. पण त्यानं केलं. टँग तिच्या वरून जाताना अजून थोडा उंचावरून जातात, म्हणतो.

माशांचं रक्षण करता करता ॲनिमोनीला कुणापासून वाचवायचं हे विसरायला होतं. तिचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वेव्हमेकर, टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप. जागा आवडली नाही, उजेड कमी पडला, प्रवाह बदलला की ती पाय सोडवते आणि निघते. काचेवरून तळपायाच्या पापुद्र्यानं सरकताना ती इतकी सावकाश जाते की हालचाल दिसत नाही, सकाळी फक्त जागा बदललेली असते. कधी तर सगळं सोडून वाहत जाते. उघड्या वेव्हमेकरमध्ये सापडली की चिंध्या होतात, आणि त्या चिंध्या पाण्यात पसरल्या की अख्खा टँक एका रात्रीत आजारी पडू शकतो. मासे खाल्ल्यानं जेवढे टँक उजाड झाले नसतील, तेवढे अशा मेलेल्या ॲनिमोनीनं झाले असतील असा माझा अंदाज आहे. म्हणून पंपांना जाळी किंवा स्पंज आधी, ॲनिमोनी नंतर. टँकही जुना, मुरलेला हवा, निदान सहा महिने ते वर्षभर चाललेला. आणि ती बसलेल्या जागेवरून तिला खरवडून काढू नये. पाय फाटला की ती सहसा वाचत नाही. हलवायचीच असेल तर दगडासकट. तोंड सताड उघडं, अंग ढिलं, शुंडकं चिकटत नाहीत, अशी ॲनिमोनी तर घरी आणूच नये, कितीही दया आली तरी.

हे सगळं लिहिताना मला ग्रॅनी नावाच्या एका ॲनिमोनीची आठवण येते. स्कॉटिश निसर्गअभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅल्येल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लालसर, मुठीत मावेल अशी साधी ॲनिमोनी आणली आणि काचेच्या भांड्यात ठेवली. मत्स्यालय हा शब्दसुद्धा तेव्हा रुळलेला नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यघर उघडलं ते १८५३ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधीच, १८५१ मध्ये, डॅल्येल वारले होते. ग्रॅनी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, शेवटी एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात पोचली, आणि तिथं १८८७ मध्ये मेली. तोवर तिला शेकडो पिल्लं झाली होती. वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख आला. पंप नाही, स्किमर नाही, नायट्रेट मोजायची बाटली नाही, आणि साठ वर्षांच्या घरातलं आयुष्य. अर्थात ती थंड किनाऱ्यावरची, भरती-ओहोटीचे हाल सोसायची सवय असलेली जात. तिची आणि आपल्या प्रवाळबेटांवरच्या ॲनिमोनींची तुलना सरळ होत नाही. तिच्या भांड्यात क्लाउन नव्हता आणि वेव्हमेकरही. पण आपल्या टँकमध्ये वर्ष-दोन वर्षांत संपणाऱ्या ॲनिमोनींकडे 'तिचं तेवढंच आयुष्य' म्हणून बघता येत नाही, हे तिनं पक्कं करून ठेवलंय. यांचं म्हातारपण कुठून सुरू होतं हे बाहेरून कळत नाही. कार्पेटसारख्या जाती तर अजूनही बहुतेक समुद्रातूनच काढून आणल्या जातात. तिथं त्या आपल्या आधीपासून असतील, आणि नेल्या नाहीत तर आपल्यानंतरही राहतील. हा विचार मला टँकसमोर बसल्यावर मधूनमधून येतो, आणि मग थोडा वेळ त्या रंगांचा आनंद नीट घेता येत नाही.

बबल टिपच्या बाबतीत निदान एक बरं आहे, ती स्वतःच दुभंगते. तोंडाच्या मधून ताणत ताणत दोन होते, जखमेच्या कडा आत ओढून घेते, आणि काही दिवसांनी शेजारी-शेजारी दोन पुऱ्या ॲनिमोनी बसलेल्या असतात. समुद्राकडून काही न घेता दुसऱ्याला देता येते. माझ्याकडच्या अशा फुटून निघालेल्या बऱ्याच मागितल्या जातात. देण्याआधी मी विचारते : टँक किती जुना, वेव्हमेकरला जाळी आहे का, आणि रात्री खोलीतला दिवा कोण लावतं? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. परवा एकांनी तिन्हीची चोख उत्तरं दिली, दगडासकट ॲनिमोनी बादलीत घालायची तेवढी बाकी होती, आणि मग सहज म्हणाल्या की त्यांच्याकडे समुद्रघोड्यांची जोडी आहे, फार गोड आहे, एकदा बघायला या. बादली मी परत उचलून ठेवली. त्या नाराज झाल्या. बघायला मात्र मी जाणार आहे.